ओट्याचा दगड

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा ह्या नांवाचीं दोन स्थळें आहेत आणि परगांवच्या पाहुण्यांचा त्यांत हटकून घोटाळा होतो. एक मानपाडा ठाणें शहरांत घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं. दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेस, जेथें गांवांतून निघालेला मानपाडा रस्ता कल्याण-शीळ मार्गास जाऊन मिळतो त्या बाजूस. आमचा मानपाडा हा दुसरा. पत्त्यावर ‘डोंबिवली पूर्व’ हे दोन शब्द लिहावयाचे राहून गेले, तर आमच्या घरच्या कार्यास निघालेला पाहुणा येऊरच्या डोंगराचें दर्शन घेऊन, भुकेल्या पोटीं, तिसऱ्या प्रहरीं आमच्या दारांत उभा राहतो.

पाडा म्हणजे लहानशी वस्ती. त्या लहानपणाची खूण आतां शोधूं गेल्यास सांपडावयाची नाहीं. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत शेजारीं औद्योगिक वसाहत आली, भाताचीं खाचरें एकामागून एक गेलीं, आणि त्यांच्या जागीं उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीहि गच्चीवर जाऊन पाहिलें तर आग्नेयेस मलंगगडाचा सुळका आणि पश्चिमेस पारसिकची लांबट रांग आपापल्या जागीं आहेत. ते डोंगर, त्यांच्यामधील ही सपाटी, आणि आमच्या इमारतीचा पाया ज्यावर बसला आहे तो कातळ, हीं सर्व एकाच काळ्या दगडाचीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमि दुभंगून जो तप्त रस वाहिला, तो थरावर थर गोठून हा दगड झाला. भूगर्भशास्त्रांत त्यास बेसाल्ट म्हणतात. आमचे पाथरवट त्यास काळा पत्थर म्हणत आणि तेवढ्यावर त्यांचें काम भागे. आज सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि त्यानें झांकलेली आहे. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० त, ह्याच दगडांतून उभें राहिलें. आमच्या घरून तें कांहीं कोसांवर आहे.

इतका दगड पायांखालीं असतां, आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यास नवा दगड घालण्याची वेळ आली तेव्हां तो मात्र दक्षिणेंतून यावा लागला. हें असें कां, ह्याचा उलगडा कल्याण-शीळ रस्त्यावरील दगडांच्या वखारींत झाला, आणि त्या वखारींची हकीकत सांगावी म्हणूनच हा लेख. शीळ हें नांव कानीं पडतांच संस्कृताच्या मास्तरास शिला आठवल्यावांचून राहत नाहीं. रस्त्याच्या कडेस उभ्या केलेल्या त्या चकचकीत शिळा पाहिल्या म्हणजे, व्युत्पत्ति कांहींहि असो, नांवाचें सार्थक झालें असें वाटतें.

आमचें कुटुंब एकत्र. शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें एक केलेलीं. त्यांत आम्ही उभयतां, दादा व वहिनी, दोन मुलगे, एक पुतण्या, तिघी सुना आणि तीन नातवंडें अशीं तेरा माणसें. ओटा कडप्प्याचा, तीस वर्षांचा. कडप्पा हा वस्तुतः काळा चुनखडीचा दगड. आंध्रांतील ज्या जिल्ह्यांतून तो येतो त्याचेंच नांव त्यास चिकटलें आहे. स्वस्त, सपाट आणि पुष्कळ दिवस टिकणारा म्हणून मुंबई-ठाण्याकडील मध्यम स्थितींतल्या घरांनीं त्यास जवळ केलें. परंतु चुनखडीचें आणि आंबटाचें वैर आहे. चिंचेचा कोळ, आमसुलाचें सार, लिंबाचा रस, ताक ह्यांपैकीं एकहि पदार्थ ज्या घरांत वर्ज्य नाहीं, त्या घरांत कडप्प्याची झिलई किती दिवस राहणार? आमच्या ओट्यावर सिंकच्या कडेनें बोटाला भुकटी लागूं लागली होती, आणि गेल्या श्रावणांत एक चीर आरपार गेली.

येथें तरुण वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा ही आपल्याकडील पुरातन वस्तु नव्हे. आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरांत दगड होता तो सगळा जमिनीवर होता: पाटा, वरवंटा, जातें, उखळ. बायका बसून वाटीत, बसून दळीत, बसून भाकरी थापीत. चूल काय ती वीतभर वर. १९५५ च्या सुमारास मुंबईंत गॅसच्या टाक्या मिळूं लागल्या आणि पुढें वीस-पंचवीस वर्षांत त्या आमच्यासारख्यांच्या घरीं पोंचल्या. मग शेगडी वर चढली, शेगडीबरोबर बाई उठून उभी राहिली, आणि तिच्याबरोबर दगडहि कमरेइतका वर आला. खालीं बसून राहिला तो एकटा पाटा. त्यास टांकी लावून देणारी बाई पूर्वीं महिन्या-दोन महिन्यांनीं दारावरून हाक देत जाई. आमच्या धाकट्या सुनेनें ती हाक ऐकलेली नाहीं. पाट्यास टांकी लावून खडबडीत ठेवावें लागतें आणि ओटा आरशासारखा गुळगुळीत हवा, हा त्या दोन दगडांच्या धर्मांतला भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुढें त्याचें काम पडेल.

घरांत मतें तीन पडलीं. दादांचें म्हणणें, कडप्प्यानें तीस वर्षें काढलीं, पुनः कडप्पाच बसवा. वहिनींचें म्हणणें, कोणताहि बसवा, पण दिवाळीपूर्वीं बसवा. पुतण्यानें हातांतल्या यंत्रावर एक चित्र दाखविलें: शुभ्र पृष्ठभाग, त्यावर सोनेरी शिरा, आणि त्या संपूर्ण स्वयंपाकघरांत एकहि डबा, बरणी किंवा माणूस नाहीं. तें चित्र पाहून आमची थोरली सूनबाई इतकेंच म्हणाली, “नाना, ह्यांच्याकडे फोडणी करीत नसावेत.” ती रसायनशास्त्राची पदवीधर आहे, आणि तेरा माणसांच्या स्वयंपाकाचा मोठा भार तिच्यावर. तेव्हां दगड पाहावयास जावयाचें तर तिनें बरोबर असलेंच पाहिजे असें आम्हीं ठरविलें. ज्यांनीं ओट्यापाशीं कधीं पळीभर तूप कढविलें नाहीं अशा पुरुषांनीं मोटारीतून जाऊन दगड पसंत करावा, आणि जिनें त्यावर पुढचीं तीस वर्षें काढावयाचीं तिला तो बसविल्यावर दाखवावा, ही पुष्कळ घरांतली रीत आम्हांस कधींच पटलेली नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही, पुतण्या आणि सूनबाई असे तिघे निघालों. वखारींत शिळा उभ्या असतात, लोखंडी घोड्यांस टेकून, एकीवर एक, ग्रंथालयांत पुस्तकें असावीं तशा. प्रत्येकीच्या कडेवर खडूनें लांबी-रुंदीचे आंकडे. मालक मारवाडचा, परंतु मराठी स्वच्छ बोलणारा आणि त्याहून दुर्मिळ गुण म्हणजे घाई न करणारा. त्यानें नांवें सांगावयास प्रारंभ केला आणि आम्हांस भूगोलाचा वर्ग आठवला. हा टॅन ब्राउन, तेलंगणांतील करीमनगरचा. हा ब्लॅक गॅलॅक्सी, आंध्रांतील ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. काळ्या रात्रीं तारे दिसावे तसे त्यांत सोनेरी ठिपके. हा गुलाबी, राजस्थानांतील जालोरचा. हा तांबूस, कर्नाटकांतील इलकलचा. इलकल म्हणजे आपलें इरकल! ज्या गांवचें लुगडें आमच्या आजीनें जन्मभर नेसलें, त्या गांवच्या भुईंत असा तांबडा दगड आहे ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटली. आणि हा काश्मीर व्हाइट. काश्मीरचें नांव ऐकून पुतण्या पुढें झाला. तेव्हां मालकानें हंसून सांगितलें कीं हा येतो तमिळनाडूंतून, मदुरेकडून. गोऱ्या रंगास काश्मीरचें नांव द्यावें हा व्यापाऱ्यांचा अलंकार म्हणावयाचा.

ग्रॅनाइटाशीं आम्हां मराठी माणसांचा संबंध केवळ ओट्यापुरता नाहीं. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची ५७ फूट उंचीची मूर्ति एका अखंड ग्रॅनाइट शिळेंतून कोरलेली आहे. चावुंडरायानें ती सुमारें इ. स. ९८१ त करविली, आणि तिच्या पायांशीं जो मराठी लेख आहे तो आपल्या भाषेच्या अतिप्राचीन लेखांत गणला जातो. तंजावरचें बृहदीश्वराचें देवालय राजराज चोळानें १०१० त पुरें केलें, तेंहि ग्रॅनाइटाचें. आणि त्याच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं १८०३ त भोसले कुळाचा जो इतिहास कोरविला तो मराठींत. म्हणजे आपल्या भाषेला कायमची बैठक हवी झाली तेव्हां परक्या मुलखांतला हा कठीण दगड तिच्या उपयोगीं पडला. पुतण्यास हें सांगत असतां तो मान हलवीत होता, परंतु त्याचें लक्ष पांढऱ्या शिळेवर होतें.

आतां हा दगड आपल्याकडे कां नाहीं? ज्यांनीं घरीं साखरेचा पाक केला आहे त्यांस हें एका वाक्यांत कळेल. पाक घोटून लवकर निववला तर त्याचे कण बारीक पडतात. तोच न हलवितां दिवसेंदिवस ठेवला तर खडीसाखरेचे ठळक खडे बनतात. पृथ्वीच्या पोटांतला रस उघड्यावर येऊन झटकन निवला, त्याचा बेसाल्ट झाला. कण इतके सूक्ष्म कीं डोळ्यांस दिसत नाहींत. जो रस खोल पोटांतच अडकून लक्षावधि वर्षें हळूहळू निवला त्याचा ग्रॅनाइट झाला. त्यांतील गारगोटी, अभ्रक आणि फेल्डस्पार हे खडे वेगवेगळे मोजून घ्यावे इतके ठळक. दक्षिणेंतील ग्रॅनाइट फार जुना, कांहीं ठिकाणीं अडीचशें कोटि वर्षांचा. त्याच्या मानानें आमचा सह्याद्रि म्हणजे कालचें पोर. शिवाय लवकर निवण्यांत बेसाल्ट आकसतो आणि त्यास जागजागीं उभ्या-आडव्या भेगा पडतात. कित्येक थरांत वाफेचीं भोकें राहतात. म्हणून त्यांतून चिरे निघतात, पाटे निघतात, देवळें निघतात, परंतु दहा फूट लांब, अखंड आणि पातळ अशी शिळा सहसा निघत नाहीं. महाराष्ट्रांत खरा ग्रॅनाइट पाहावयाचा तर हा काळा थर जेथें संपतो तेथें, नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडे किंवा गडचिरोलीकडे गेलें पाहिजे.

येथपर्यंत सरळ होतें. परंतु सूनबाईंनीं काळ्या शिळेजवळ डोळे नेऊन विचारलें, “ह्यांत खडे कोठें आहेत?” प्रश्न मार्मिक होता. बाजारांत काळा ग्रॅनाइट म्हणून जो विकला जातो तो शास्त्राच्या दृष्टीनें ग्रॅनाइटच नव्हे. चिमकुर्तीच्या त्या तारांकित दगडांत गारगोटी जवळजवळ नसते; त्याचे सोनेरी ठिपके ब्राँझाइट नांवाच्या खनिजाचे. आणि जो निखळ काळा, ज्यास जेट ब्लॅक म्हणतात, तो बहुधा डोलेराइट. डोलेराइट म्हणजे काय? ज्या जातीच्या रसाचा बेसाल्ट होतो, त्याच जातीचा रस भूमीच्या पृष्ठाखालीं भेगांतून अडकून जरा सावकाश निवला म्हणजे डोलेराइट होतो. घटक तेच; निवण्याची गति निराळी. दक्षिणेंतील हा काळा दगड वयानें आमच्या सह्याद्रीहून कितीतरी वडील, परंतु कुळ एक. तेव्हां आमच्या घरांतला पाटा आणि वखारींतली ती आरशासारखी शिळा हे एका गोत्राचे निघाले: एकास टांकी लावून खडबडीत केलें, दुसऱ्यास घांसून झिलई दिली. दादांना हें रात्रीं सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “मग पाटाच आडवा घाला.”

स्वयंपाकघरास ह्या गोत्रनिर्णयाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग पुष्कळ आहे. काळ्या दगडाची वीण घट्ट. पाणी आणि तेल त्यांत शिरत नाहींत म्हटलें तरी चालेल. पांढऱ्या ग्रॅनाइटांपैकीं बरेचसे सच्छिद्र. त्यांत तेल, हळद व चहा उतरतात, आणि कांहींत लोहांश असल्यामुळें पाण्यानें गंजून पिवळसर छटा येते. सूनबाईंनीं मालकाकडून पांच दगडांचे हातभर तुकडे मागून घेतले. घरीं आणून प्रत्येकावर ओळीनें पाण्याचा थेंब, गोड्या तेलाचा थेंब, भिजविलेली हळद, चिंचेचा कोळ आणि लिंबाची फोड अशी मांडणी करून रात्रभर ठेवली. हरतालिकेची पूजा मांडली आहे कीं काय असें वाटून नातवंडें भोंवतीं जमलीं. काश्मीर व्हाइटावर पाण्याचा थेंब पडला ती जागा थोड्याच वेळांत काळसर झाली, आणि सकाळीं तेलाचा डाग पुसून निघाला नाहीं. टॅन ब्राउन व दोन्ही काळे जसेच्या तसे. तुलनेसाठीं ओट्यावरून निघालेली कडप्प्याची एक कपची ठेवली होती, तिच्यावर लिंबाच्या फोडीखालीं निस्तेज चकती उमटली. ही परीक्षा कोणासहि फुकट करतां येते, आणि विक्रेता प्रामाणिक असेल तर तो तुकडे देण्यास कांकूं करीत नाहीं.

काळ्या दगडांत एक फसवणूक मात्र चालते. करड्या दगडास काळें रंगद्रव्य व मेण चोळून तो जेट ब्लॅक म्हणून विकतात. नखांवरील रंग काढण्याचें द्रव पांढऱ्या फडक्यावर घेऊन शिळेच्या कोपऱ्यावर जोरानें घांसावें. फडकें काळें झालें तर ‘नमस्कार, पुनः येऊं’ म्हणून बाहेर पडावें. दुसऱ्या एका वखारींत आमचें फडकें काळें झालें. तेथील माणूस म्हणाला, धूळ आहे. आम्हीं ती मान्य केली आणि निघालों. शिळेची पाठहि पाहून घ्यावी. पाठीस जाळी डकविलेली असेल तर दगड ठिसूळ आहे, त्यास आधार दिला आहे असें समजावें. शोभेच्या पांढऱ्या व सोनेरी शिरांच्या जातींत असें पुष्कळ आढळतें. नाण्यानें टिचकी मारून पाहावें. अखंड शिळा खणखणीत वाजते, भेग असली तर आवाज बद्द येतो. जाडी स्वतः मोजावी. अठरा-वीस मिलिमीटर म्हणून सांगतात आणि चौदा-पंधरा भरते. सिंकचें आणि शेगडीचें भोंक पाडल्यावर दगडाची जी अरुंद पट्टी पुढें उरते, तेथेंच ओटा प्रथम तडकतो. म्हणून त्या पट्टीखालीं कडप्प्याचा आधार दिल्यावांचून कारागिरास पुढें जाऊं देऊं नये. अशा रीतीनें दादांचा कडप्पा शेवटीं ओट्याच्या पोटांत गेला, आणि त्यांचेंहि समाधान झालें.

पुतण्याच्या चित्रांतला दगड दुसऱ्या दिवशीं सांपडला. तो खाणींतला नव्हताच. गारगोटीचा भुगा राळेंत कालवून, दाबून केलेल्या त्या कृत्रिम शिळा. बाजारांत त्यांस नुसतें क्वार्ट्झ म्हणतात. दिसण्यांत अप्रतिम, डाग सहसा न धरणाऱ्या, आणि किंमत जेट ब्लॅकच्या तिप्पट. परंतु राळ ती राळ. चुलीवरून उतरलेली तापलेली कढई थेट तिच्यावर टेकली तर पृष्ठभाग करपण्याचें भय. तेरा माणसांच्या घरांत सणाच्या दिवशीं कढई कोठें टेकली हें कोण पाहत बसणार? तेवढ्यावरच हा विषय मिटला असता. परंतु सूनबाईंनीं दुसरें एक कारण काढलें, आणि तें अधिक गंभीर आहे.

ह्या कृत्रिम शिळेंत शेंकडा नव्वदाहून अधिक भाग गारगोटीचा असूं शकतो. ती यंत्रानें कोरडी कापली म्हणजे जी धूळ उडते, तींतील सर्वांत घातक कण डोळ्यांस दिसतच नाहींत. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथें रुततात, आणि त्यांभोंवतीं व्रण धरत जाऊन फुप्फुस दगडासारखें घट्ट होतें. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यास औषध नाहीं. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यांत, ज्या रोगांची खबर सरकारास दिलीच पाहिजे अशांच्या यादींत त्याचें नांव होतें. ऑस्ट्रेलियांत ओटे कापणाऱ्या तरुण कारागिरांत हा रोग इतका आढळला कीं १ जुलै २०२४ पासून त्या देशानें ह्या कृत्रिम शिळांवर बंदीच घातली. खऱ्या ग्रॅनाइटांत गारगोटी साधारण चतुर्थांश ते तृतीयांश. काळ्या दगडांत फारच थोडी. परंतु थोडी झाली तरी धूळ ती धूळ.

पुतण्या म्हणाला, “काका, आपण घेतला नाहीं तर दुसरा कोणी घेईल. कापणाऱ्याच्या छातींत जावयाचें तें जाणारच.” हा युक्तिवाद खोटा नाहीं, आणि त्याचें खंडन आम्हीं केलें नाहीं. आम्हीं त्यास मंदसोरची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशांतील त्या गांवीं पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली पाटीचा दगड कापून करीत. त्या कापणाऱ्यांत सिलिकोसिसनें ऐन तारुण्यांत माणसें गेल्याचें अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तपासण्यांत दिसून आलें. १९८५ च्या सुमारास तें शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्धहि झालें. छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत शिकविलें. पहिलीच्या वर्गांत पाटीवर श्री काढून देतांना हातांत जी पेन्सिल असे, ती कोणी कापली हा प्रश्न आमच्या पिढीच्या कोणत्याहि शाळेंत कोणीं विचारला नाहीं. पुतण्या गप्प बसला. पटलें म्हणून कीं काकांपुढें बोलूं नये म्हणून, हें सांगतां येत नाहीं.

दगड ठरला जेट ब्लॅक. कापण्याविषयीं मालकाशीं अट घातली ती अशी कीं सर्व कापणी वखारींतच, पाण्याची धार असलेल्या यंत्रावर व्हावी. घरीं करावयाचें काय तें सिंकचें भोंक, आणि तेंहि पाणी ओतीत. ह्यानें एक दिवस अधिक लागतो आणि थोडे पैसे अधिक पडतात. मालकानें आनंदानें कबूल केलें. घरीं आलेला कारागीर बावीस-तेवीस वर्षांचा, तोंडास नुसता रुमाल बांधून आला होता. रुमालानें ती सूक्ष्म धूळ अडत नाहीं. धाकट्या मुलानें त्यास औषधाच्या दुकानांतून बारीक धूळ अडविणारा मुखपट्टा आणून दिला आणि नातवानें नळीनें पाणी धरलें. कारागीर प्रथम हंसला. पाण्यानें चिखल होतो, रेघ दिसत नाहीं, हात सटकतो, ही त्याची तक्रार खरी होती. काळा राब गच्चीवरून धुऊन काढण्यास आम्हां दोघांस संध्याकाळ लागली. जेवतांना त्यानें सांगितलें कीं त्याचा थोरला भाऊ हेंच काम करीत असे आणि आतां गांवीं बसून असतो. कां, तें त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं.

राहिली उंची. दगडाच्या रंगावर घरांत तीन आठवडे चर्चा होते आणि उंची गवंडी ठरवितो. इमारत बांधणाऱ्यानें वरपासून खालपर्यंत सर्व बिऱ्हाडांस एकच माप लावलें होतें, आणि त्या मापाची किंमत थोरल्या सूनबाईंच्या पाठीनें बारा वर्षें दिली. ती उंच, तिला सदा वांकावें लागे. वहिनी ठेंगण्या, त्यांस कढईंत डोकावण्यासाठीं टांचा उचलाव्या लागत. नियम साधा आहे. उभें राहून हात कोपरांत दुमडावा, आणि कोपराच्या खालीं चार ते सहा इंचांवर ओट्याचा पृष्ठभाग यावा. कणीक मळावयाची जागा त्याहूनहि थोडी खालीं असावी, कारण मळतांना अंगाचा भार द्यावा लागतो. आम्हीं पांचहि बायकांस ओळीनें भिंतीशीं उभें करून शाळेंतल्या वैद्यकीय तपासणीप्रमाणें मापें घेतलीं आणि भिंतीवर पेन्सिलीनें खुणा केल्या. शेवटीं मुख्य ओटा चौतीस इंच आणि खिडकीजवळचा तीन फुटांचा भाग तीस इंच असा तोड निघाला. गवंड्यानें असें कधीं केलें नव्हतें. पायरीसारखें दिसेल, म्हणाला. दिसतें खरें. पोळ्या लाटावयास वहिनी आतां तेथें उभ्या राहतात, आणि टांचा जमिनीवर असतात.

दिवाळीस आठ दिवस राहिले असतां ओटा पुरा झाला. काळ्या झिलईवर पाण्याचे डाग व पीठ फार दिसतें, हा त्याचा दोष खरा. दिवसांतून चार वेळां कोरडें फडकें फिरवावें लागतें. त्यासाठीं आम्लाचीं द्रावणें नकोत, साबणाचें कोमट पाणी पुरतें.

हिशेबाचे वेळीं एक मौज झाली. वखारींत शिळेचें माप अखंड धरतात. सिंकसाठीं जें भोंक पडतें त्याचेहि पैसे गिऱ्हाइकासच द्यावे लागतात. ही रीत सर्वत्र आहे आणि तींत गैर कांहीं नाहीं. परंतु भोंकाचे पैसे दिले तर भोंकांतून निघालेला दगड आपला, हें बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं, आणि कारागीर तो घेऊन जातो. आम्हीं तो मागून ठेवला. पावणेदोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, चांगला काळाभोर तुकडा आहे. वहिनी म्हणतात पोळपाट करा, दादा म्हणतात देव्हाऱ्याखालीं घाला, धाकट्या नातवास त्यावर खडूनें लिहावयाचें आहे. हा लेख लिहितेवेळीं तो दाराच्या मागें टेकून ठेवलेला आहे.